वीस घरचे न धुतलेले तवे

करडीच्या बाजारात ज्योत्सना दिसली की बाया आधी तिच्या हाताकडे पाहतात. हातात कागद असला तर म्हणतात, "आली वो सर्वेवाली." नसला तर म्हणतात, "काहून वो, आज कागद घरी विसरली?" ज्योत्सना हसते. हसायलाही आता तिला बळ लागतं, पण हसते.

वीस वर्षं झाली असतील. तिनं गावातले संडास मोजले, म्हशी मोजल्या, ताप मोजला, विहिरी मोजल्या, माणसं तर तीनदा मोजली. कोणाच्या घरी किती कोंबड्या आहेत हे त्या घरच्या धन्याला माहीत नसेल, तिला माहीत असतं. चालून चालून टाचा अशा फाटल्या आहेत की उन्हाळ्यातल्या धानाच्या बांधीची भेग परवडली. कोणतंही खातं असो, कोणतीही संस्था असो, गावात विचारपूस करायची म्हटलं की बोट तिच्याच घराकडे जातं. नाही म्हणणं तिला जमत नाही. हा तिचा एकच दुर्गुण, आणि त्यावरच तिचं घर अर्धं चालतं.

हा कागद तिच्या मागे लागला तो माहेरी. तिचं माहेर गोसीखुर्दच्या पाण्याखाली आहे. बाकीच्या बाया माहेरी जातात तेव्हा बसमधून उतरतात. मला उतरायचं तर बुडी मारावी लागेल, असं ती स्वतःच सांगते. धरणासाठी गाव उठलं तेव्हा साहेब लोक दारातली झाडं मोजायला आले होते. दहावीत शिकणाऱ्या ज्योत्सनाचं अक्षर गोल, म्हणून तिलाच लिहायला बसवलं. आपल्याच दारातला आंबा तिनं आपल्या हातानं कागदावर लिहिला: आंबा, एक, मोठा. आंबा पाण्यात गेला. कागद कुठंतरी असेल अजून.

मग लग्न होऊन ती करडीला आली. नवरा केवळराम तलावात मासे धरतो. सासू जमुनाबाई आठवडी बाजारात ते मासे तळून विकते. जमुनाबाईच्या तळलेल्या मासळीचं नाव आजूबाजूच्या पाच-सात गावांत आहे, आणि तिच्या जिभेचं त्याहून दोन गावं जास्त.

तर मागच्या वर्षी नागपूरची एक संस्था आली. त्यांच्याकडून रिता नावाची पोरगी आली, चष्मेवाली, पंचवीस-सव्वीसची, ज्योत्सनासारखीच थकलेली. तिनं सांगितलं, आपल्याला घरातल्या वस्तू तपासायच्या आहेत. काही वस्तूंवर फ्लोरीनवाल्या रसायनांचा थर देतात. त्यानं पाणी टिकत नाही, तेल टिकत नाही, अन्न चिकटत नाही. रेनकोट, समोशाचा तेलकट न होणारा कागद, डाग न पडणारा टेबलावरचा कपडा, न चिकटणारा तवा. पण ही रसायनं एकदा सुटली की मातीत मरत नाहीत, पाण्यात मरत नाहीत, अंगात गेली तर तिथंही वर्षानुवर्षं राहतात आणि अंग बिघडवतात.

"मरतच नाही?" जमुनाबाईनं दारातून विचारलं होतं.

"नाही, आजी."

"मंग त्यापक्षा आमच्या गावचा सरपंच बरा. तो तरी पाच वर्षानं बदलते."

रितानं ज्योत्सनाला नियम दिले. दोन पानं भरून नियम. वस्तू गोळा करायला जाताना रेनकोट घालायचा नाही, कारण रेनकोटचंच रसायन नमुन्याला लागेल. छत्री नाही. हाताला मलम नाही, नखाला रंग नाही, कपडा जुना, सुती, पुष्कळदा धुतलेला. ज्योत्सना म्हणाली, "ताई, हे नियम माह्या आलमारीले विचारूनच लिवले दिसते." तिच्याकडे दुसरे कपडे होते कुठं.

उन्हाळ्यात रेनकोट गोळा झाले, कागद गोळा झाले. ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत तव्यांची पाळी आली.

करडीत वीस घरं निवडली, ज्यांच्याकडे तो काळा, न चिकटणारा तवा आहे. काम सोपं होतं. प्रत्येक घरी एक जाड पांढरी पिशवी द्यायची. बाईनं तव्यात एकदा कांद्याचे भजे तळायचे, उरलेलं तेल ओतून टाकायचं, आणि तवा तसाच, न धुता, न पुसता, थंड झाला की आपल्या हातानं पिशवीत घालून तोंड चिकटवायचं. नागपूरला तव्याचं अंग ओल्या कापसानं पुसून तो कापूस मशीनला देणार होते. रितानं चारदा सांगितलं, "ताई, तेलाचा जो ओशटपणा तव्याला राहतो, त्यातच सापडेल. धुतला की सगळं नालीत गेलं. मशीन म्हणेल, काही आढळलं नाही."

ज्योत्सनानं प्रत्येक घरी तवा ओट्यावर ठेवून फोटो काढला, रिताला पाठवला, आणि वीसही घरी बजावून सांगितलं, "धुऊ नका." बायांनी माना हलवल्या. "हो ना वो, समजलं. आम्ही काय येड्या हावो?"

स्वतःच्या घरी मात्र थोडा घोळ झाला. जमुनाबाईकडे दोन तवे. एक घरचा, दिवाळीत घेतलेला, चकचकीत. दुसरा बाजारातला, ज्यात मासळी तळते, खपली खपली गेलेला. ज्योत्सना म्हणाली बाजारातला द्या.

"तो?" सासू म्हणाली. "त्याले कोण दाखवते वो लोकायले? नागपूरच्या लोकायनं म्हणावं जमुनाबाईच्या घरी असे भांडे आहेत? घरचा ने."

ज्योत्सना त्या दिवशी सोळा घरं फिरून आली होती. वाद घालायला अंगात जीव नव्हता. घरच्या तव्याचाच फोटो गेला.

गुरुवारी सकाळपर्यंत वीस पिशव्या तिच्या ओसरीवर आल्या. एकही कमी नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ज्योत्सना खूश होऊन पिशव्या खोक्यात रचायला बसली. एक उचलली तर आत खुळखुळ वाजलं. दुसरी उचलली. ती पण वाजली.

तिनं पिशवी फोडली. आत तवा होता. राखेनं आणि तारेच्या घासणीनं असा घासलेला, की त्यात तिला आपलं तोंड दिसलं. आणि तव्यात ओंजळभर तांदूळ.

मग तिनं एकेक पिशवी कानाशी नेऊन हलवली, गाभुळलेली चिंच हलवून पाहावी तशी. सतरा वाजल्या. तीन नाही वाजल्या, त्या तिनं फोडल्या. एकीत गुळाचा खडा, एकीत हळकुंड, आणि तिसरीत, म्हणजे जमुनाबाईच्या, सुक्या झिंग्यांची पुडी. मग बाकीच्याही फोडल्या. तवे सगळे लखलख.

चूक कोणाची म्हणावी? खरकटं भांडं दुसऱ्याच्या दारात गेलं तर त्या घरच्या बाईची अब्रू गेली. आणि भांडं रिकामं जाऊ नये, हे तर आईच्या दुधातून आलेलं. बायांनी ज्योत्सनाचं ऐकलं होतं, मान हलवली होती. पण पिशवी चिकटवायच्या वेळी हात काही कागदावरचे नियम वाचत नाही. तो आपला मोरीकडे जातो.

"आई, तुमी बी धुतला?"

"मंग काय खरकटा देऊ?"

"मी तुमच्यासमोरच सांगितलं ना, धुवाचा नाही म्हणून!"

"ते लोकायले सांगितलं तू. मले वाटलं आपल्या घरची गोष्ट अलग." जमुनाबाई मासे साफ करत होती, हात थांबला नाही. "त्यात काय रडाचं? तांदूळ काढून घे, नव्या पिशव्या लाव, दे पाठवून. भात होईल आठ दिवसाचा."

ज्योत्सनाच्या मनातही तेच आलं होतं, सासूनं फक्त तोंडानं म्हटलं. रितानं जास्तीच्या पिशव्या दिल्याच होत्या. शनिवारी गाडी येणार, सोमवारी मशीन चालणार. मशीन म्हणेल, काही नाही. वीस बायांना वीस कागद मिळतील, चांगला तवा, वापरा. कोणाला कळणार?

पण तिला कळणार होतं, आणि तिला हे एकदा कळून चुकलं होतं. काही वर्षांपूर्वी विहिरींच्या सर्वेत शेवटच्या तीन विहिरी तिनं घरी बसूनच भरल्या. पाय सुजले होते. लिहिलं: पाणी चांगलं. त्यातली एक विहीर चांगली नव्हती. पण कागद चांगलं म्हणत होता, म्हणून दोन उन्हाळे त्या विहिरीत औषध टाकायला कोणी फिरकलं नाही, आणि त्या गल्लीतली लेकरं जुलाबानं बेजार होत राहिली. कोणी मेलं नाही, देवाची कृपा. कोणी तिला बोललंही नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. बोललं असतं तर बरं झालं असतं.

आता तिनं चुकीचा कागद आणला तर आधी तिची सासूच असल्या तव्यात जन्मभर तळत राहणार होती, आणि सगळा बाजार ते खात राहणार होता.

तिनं फोन लावला. रितानं ऐकून घेतलं.

"तांदूळ?" रिता म्हणाली.

"सतरा घरचे. बाकी गूळ अन् हळद अन् झिंगे."

"ताई, मशीनचा नंबर सोमवारचा आहे. हुकला तर दिवाळीनंतर. शनिवारी दुपारपर्यंत पुन्हा होईल का?"

ज्योत्सनानं पायांकडे पाहिलं. नाही म्हणणं तिला जमत नाही हे वर सांगितलंच आहे.

"पण तवे तेच लागतील बरं, फोटोतले. बदलायचे नाहीत."

बाहेर पाऊस काही थांबायचं नाव घेत नव्हता. रेनकोट नाही, छत्री नाही. तिनं पोत्याची खोळ केली, डोक्यावर घेतली, आणि खोक्यातले तवे डोईवर घेऊन निघाली. केवळराम जाळं विणत बसला होता. म्हणाला, "भांडेवाली झाली काय आता? जुने कपडे घेऊन बदल्यात देतं का?"

"तुमाले देऊन टाकते एका तव्याच्या बदल्यात," ती म्हणाली, "पण कोणी घेईन तर."

या वेळी तिनं ठरवलं होतं, समोर बसायचं. बाई तळेल, आपण पाहू, आपल्या डोळ्यादेखत तवा पिशवीत जाईल. पण पहिल्याच घरी अडलं. घर शकुनबाईचं. शेतकरी घर, पाच बांध्या, माणसं रोवणीला गेलेली, शकुनबाई कंबर धरून घरी. ज्योत्सनाला दारात पाहून तिचं तोंड पडलं.

"काहून वो, तवा वापस? तांदूळ कमी पडले काय?"

ज्योत्सनानं सगळं पुन्हा सांगितलं. शकुनबाईनं भजे तळले. तेल ओतलं. तवा ओट्यावर ठेवला. ज्योत्सनानं पिशवीचं तोंड उघडलं. शकुनबाई तव्याला हात लावेना.

"नाही होत वो माह्यानं. माही सासू वरून पाहत असंल."

"तुमची सासू जाऊन पंधरा वर्षं झाले."

"म्हणून तर वरून पाहते."

ज्योत्सना दमली होती. ओल्या लुगड्यातून पाणी तिच्या पायाशी साचत होतं. समोर ताटलीत भजे पडलेले, गरम. तिनं एक उचललं, खाल्लं. दुसरं खाल्लं. शकुनबाई पाहत राहिली.

"हे पहा बाई," ज्योत्सना म्हणाली, "जेवलं कोण? मी. जो जेवते तो आपलं उष्टं उचलते. आपल्याकडे पाव्हणा बी आपली ताटली उचलते का नाही? मंग हा तवा आता माहा खरकटा. तुमचा नाही. मी माहा उचलून नेते."

शकुनबाईनं थोडा विचार केला. वर छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं म्हणतं तर ने. पण चार खाय. दोन भज्यानं कोणी जेवलं असं होत नाही."

तर असं झालं. गुरुवारपासून शनिवारच्या दुपारपर्यंत ज्योत्सना घरोघर जेवली. पहाटे रोवणीला जायच्या आधी बाया चूल पेटवायच्या, नाहीतर संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन. प्रत्येक घरी कांद्याचे भजे. प्रत्येक घरी तीच ओळ, "जो जेवते तो उष्टं उचलते." सातव्या घरी तिला ढेकर आली. अकराव्या घरी पोटात कळ आली. चौदाव्या घरची आनंदाबाई म्हणाली, "माह्या हातचे आवडले नाही काय? शकुनच्या घरी तं चार खाल्ले म्हणते!" ज्योत्सनानं पाच खाल्ले. अठराव्या घरातून निघाली ती सरळ बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर जाऊन ओकली. चूळ भरली, खोळ डोक्यावर घेतली, एकोणिसाव्या घरी गेली.

विसावं घर तिचंच. जमुनाबाईनं तळलं. भज्यांची ताटली ज्योत्सनापुढे सरकवली, मग तिचं तोंड पाहिलं, आणि ताटली परत ओढून स्वतःच खाल्ले. "मी जेवली, मी उचलते," म्हणून तवा आपल्या हातानं पिशवीत घातला.

शनिवारी रिता गाडी घेऊन आली. पिशव्या हलवून पाहिल्या. एकही वाजली नाही. मग तिला कळलं की हे झालं कसं.

"ताई! ज्या तव्यांचा आपण तपास करतोय, त्यातलं तुम्ही वीस घरी खाल्लं?"

"एकोणीस. विसाव्याचं सासूनं खाल्लं."

केवळराम ओसरीतून ओरडला, "मॅडम, तवे ठेवा बाजूले. हिलेच घाला मशीनमंदी, एका खेपेत काम होते."

रिताला हसू आलं, मग तिनं चष्मा काढून डोळे पुसले. ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, ज्योत्सनानं विचारलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती. बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला, आणि गाडी गेलेली तिला कळली नाही.

महिन्याभरानं तवे परत आले, आणि निकाल आला. वीसपैकी बारा तव्यांत ते रसायन निघालं. ज्योत्सना पुन्हा घरोघर निघाली, या वेळी तवे आणि कागद वाटायला. वाईट बातमी चहाशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे बारा घरी चहा झाला. कोणी तवा लगेच माळ्यावर टाकला. कोणी म्हणालं, इतके दिवस खाल्लं, काय झालं? कोणी म्हणालं, लोखंडाच्या तव्याले तेल किती लागते ते तुह्या मशीनले माहीत आहे काय? ज्योत्सनानं कोणाशी वाद घातला नाही. खरं सांगायचं होतं, सांगितलं. ऐकायला लावायचं काम तिच्या कागदावर नव्हतं.

शकुनबाईच्या तव्यात काही निघालं नाही. ती रुसली.

"आनंदाबाईच्या तव्यात निघालं अन् माह्या नाही? माहा तं तिच्यापक्षा महागाचा आहे."

"चांगलं आहे ना बाई, काही निघालं नाही ते."

"चांगलं काय? गल्लीत सगळ्यायच्या घरी चर्चा, माह्या घरी कोणी येत बी नाही इचाराले."

घरचा कागद तिनं सगळ्यात शेवटी काढला. जमुनाबाईला वाचता येत नाही. ज्योत्सनानं वाचून दाखवलं: निघालं. जितकं चालतं त्याच्या कितीतरी पट.

दिवाळीत घेतलेला, चकचकीत तवा. जमुनाबाईनं पदरानं तोंड पुसलं, उठली, आत गेली. बाजाराच्या सामानाची टोपली ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बाजारातला तवा होता. कालच बाजार झाला होता. तवा धुतलेला नव्हता. कडेला मासळीची कातडी चिकटलेली, मधे खपली गेलेली, खालचा पांढरा धातू दिसत होता. तिनं तो सुनेच्या पुढे ठेवला, तसाच.

"हा ने."

"आई, तपास संपला. वीसच घेणार होते. एकविसाव्याले रकाना नाही."

"मंग?"

"याले तपासाची गरजच नाही. नव्यात एवढं निघालं तं याच्यात काय असंल? कितीक खपल्या तं गेल्याच."

"कुठं गेल्या?" असं जमुनाबाईनं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. बाजारातल्या पाच-सात गावच्या लोकांची तोंडं तिला दिसली असतील. मग म्हणाली, "उद्यापासून लोखंडाची कढई. मासळी चिकटंल, तुकडे मोडतीन. मोडू दे. लोकं बोंबलतीन तं बोंबलू दे."

"हो."

"अन् हा? फेकून देऊ?"

"द्या फेकून."

"कुठं फेकू?"

ज्योत्सनानं मनातल्या मनात जागा मोजल्या. उकिरड्यावर टाकला तर खत बांधीत जातं. नालीत टाकला तर नाली तलावाला मिळते, आणि तलावात केवळरामचं जाळं. भंगारवाल्याला दिला तर तो कुठंतरी जाळेल, कुठंतरी टाकेल, दुसऱ्याच्या गावात.

"तुह्या चष्मेवालीनंच सांगितलं ना, मरत नाही म्हणून," जमुनाबाई म्हणाली. "तुह्या दोन पानाच्या नियमात लिवलं आहे काय, ठेवाचा कुठं?"

नव्हतं लिहिलेलं. ज्योत्सनानं रिताला फोन करून विचारलं. रिता म्हणाली, ताई, विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. तिलाही कोणी सांगत नसेल.

मागच्या भिंतीला, गोठ्याच्या बाजूनं, जमुनाबाईनं एक खिळा ठोकला. त्यावर दोन्ही तवे टांगले, जुना आणि नवा. आता गल्लीतल्या बायाही आपापले तवे आणून ज्योत्सनाच्याच भिंतीला टांगून जातात. सर्वेवालीचं घर आहे, ठेवून घेईल, म्हणतात. ती ठेवून घेते. नऊ झाले आहेत.